गरोदरपणातला मधुमेह आणि बाळाच्या हृदयाचे ४० मिलिसेकंद

गरोदरपणात साखर वाढली आणि इन्सुलिन सुरू झालं की घरात पहिला प्रश्न येतो, 'हे इंजेक्शन बाळाला बाधणार नाही ना?' भीती चुकीच्या बाजूला आहे. इन्सुलिन वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत जवळजवळ पोचतच नाही. साखर मात्र बिनदिक्कत पोचते. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जास्त इन्सुलिन सोडू लागतं, आणि गर्भात इन्सुलिन हे वाढीचं संप्रेरक असतं. चरबी वाढते, यकृत वाढतं, हृदयाचा स्नायूही जाड होतो. सर्वांत जास्त फुगतो तो खालच्या दोन कप्प्यांमधला पडदा.

'हृदयाला भोक पडेल' ही काळजीही बहुतेक वेळा अस्थानी. हृदयाची घडण आठव्या आठवड्यापर्यंत जवळपास पुरी होते, आणि हा मधुमेह सहसा २४ ते २८ आठवड्यांत सापडतो. गरोदरपणाआधीपासूनच मधुमेह असेल तर गोष्ट वेगळी.

इथे बिघडतं ते हृदयाचं सैल पडणं. आकुंचनासाठी स्नायूपेशीत कॅल्शियम सुटतं. सैल पडायचं तर ते पंपाने परत कोठारात भरावं लागतं, आणि त्याला ऊर्जा लागते. म्हणजे सैल पडणं हीसुद्धा मेहनतच! गर्भाचं हृदय मुळातच ताठर, त्यात पडदा जाड, त्यामुळे हीच पायरी आधी रेंगाळते.

ती मोजायची युक्ती सुरेख आहे. डॉप्लरची (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीची) खिडकी डाव्या कप्प्यात अशी ठेवतात की रक्त आत येण्याची आणि बाहेर जाण्याची वाट एकदम पकडली जाते. झडप उघडताना-मिटताना आलेखावर टोकदार रेघ उमटते. दोन्ही झडपा बंद असण्याच्या वेळा दोन: आकुंचन सुरू झाल्यावर रक्त बाहेर पडण्याआधीची आणि सैल पडतानाची. त्यांची बेरीज करून रक्त बाहेर पडण्याच्या वेळेने भागायचं. समजा २८ आणि ४२ मिलिसेकंद, भागिले १७०, म्हणजे ०.४१. आता सैल पडायला ४२ ऐवजी ५५ लागले, तर ०.४९. याला टेई निर्देशांक म्हणतात, जपानी हृदयतज्ज्ञ चुवा टेई यांच्या नावावरून. अडचण अशी की रेघ नेमकी कुठून धरायची यावरही ५ मिलिसेकंदांचा फरक सहज पडतो. बाळ हललं तर मापन पुन्हा.

गरोदरपणातल्या मधुमेहात हा आकडा वाढलेला अनेक अभ्यासांत दिसला आहे, काहींत साखर आटोक्यात असतानाही. तरी एकट्या त्याच्यावरून प्रसूतीचा दिवस ठरवू नये. यंत्राची मांडणी बदलली की आकडा बदलतो.

आईच्या हातात आहे ती साखर: उपाशीपोटी ९५ च्या खाली, जेवणानंतर तासाने १४० च्या खाली, दोन तासांनी १२० च्या खाली. ती चढीच राहिली तर बाळ मोठं होतं आणि प्रसूतीत खांदा अडकू शकतो. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा तुटतो, पण बाळाचं इन्सुलिन चढंच असतं. म्हणून पहिल्या काही तासांत बाळाची साखर कोसळू शकते आणि टाचेतून रक्त घेऊन ती पुन्हापुन्हा तपासावी लागते.

पडदा फारच जाड असेल तर रक्ताची बाहेर जायची वाट चिंचोळी होते. अशा नवजात बाळाला ठोका जोरकस करणारं औषध दिलं तर ती आणखी आवळते. बहुतेक बाळांत मात्र जादा इन्सुलिन ओसरलं की पडदा काही महिन्यांत आपोआप पातळ होतो.