दाट आणि नाजूक द्रवासाठी पंप घेण्याआधी

आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो, "किती एचपीचा लागेल?" पाण्यापुरता तो ठीक. पण गोव्यात कुंडईच्या कारखान्यात मलम बनत असेल, वेर्ण्यात सिरप, किंवा घराच्या आवारात मानकुराद आंब्याचा रस बाटल्यांत भरत असेल, तर आम्ही उलट विचारतो: द्रव कसला आहे आणि घुसळल्यावर त्याचं काय होतं?

दह्यात रवी फिरवली की काय होतं, ते प्रत्येक घराला माहीत आहे. नेहमीच्या पाण्याच्या, म्हणजे सेंट्रिफ्युगल पंपाचा इंपेलर (आत फिरणारं चाक) म्हणजे रवीच, फक्त मिनिटाला २९०० फेरे घेणारी. १५० मिमी व्यासाच्या इंपेलरची कड त्या वेगाला ताशी ८० किलोमीटरहून जास्त धावते. क्रीममधलं तेल-पाणी त्यात सुटू शकतं, शांपूला फेस येतो, लॅटेक्सच्या गुठळ्या होतात. केचप आणि रंग हलवले की पातळ होतात. मक्याच्या स्टार्चचं दाट मिश्रण मात्र जोर लावाल तितकं अडून बसतं आणि मोटर ट्रिप होते.

दाटपणाही दिवसभर एकसारखा राहत नाही. पाणी साधारण १ सेंटिपॉइज (दाटपणा मोजायचं एकक), तर एरंडेल २० अंशांना सुमारे १०००, आणि ४० अंशांना त्याच्या पाव. म्हणून पंप मेमधल्या दुपारवर ठरवू नका, जानेवारीतल्या पहाटेवर ठरवा.

अशा मालाला आम्ही शक्यतो स्क्रू पंप (रबरी कवचात, म्हणजे स्टेटरमध्ये, एक स्क्रू फिरणारा) किंवा लोब पंप (दोन पाकळीदार रोटर फिरणारा) सुचवतो. स्क्रू पंपातून प्रवाह सलग, हळुवार येतो. पण तो क्षणभरही कोरडा चालवू नका, स्टेटरचं रबर जळतं. तेलकट मालाला नायट्राइल रबर घ्या, ईपीडीएम तेलात फुगतं. लोब पंपाचे रोटर एकमेकांना टेकत नाहीत आणि धुवायला सोपे, म्हणून खाण्याच्या मालाला आमची पसंती त्यालाच. होज पंप लवचिक नळी दाबत माल पुढे सरकवतो, त्यामुळे द्रव फक्त नळीला लागतो, सीलची कटकट नाही. मात्र प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो आणि नळी ठरावीक काळाने बदलावीच लागते. गिअर पंप स्वच्छ तेलासाठी उत्तम, क्रीमसाठी नको.

यातला कुठलाही घ्या, पण एक साइझ मोठा घेऊन हळू चालवा. सुरुवातीला महाग पडतो, हे खरं. तरी वाया गेलेल्या एका बॅचचा हिशेब मांडून पाहा.

आता पाइप. आमचं सगळ्यात जास्त सांगणं याच्याचबद्दल असतं, कारण इथेच पैसे वाचवले जातात. एका ग्राहकाला आम्ही पंप नीट निवडून दिला, पण सक्शनला, म्हणजे पंपात माल येतो त्या बाजूला, जुनी एक इंची लाइन तशीच राहिली आणि पंप खडखडू लागला. ती लाइन आम्ही आधीच पाहायला हवी होती. दाट द्रव संथ वाहत असताना व्यास दुप्पट केला, तर त्याच प्रवाहाला दाबाचा तोटा सोळाव्या हिश्शावर येतो. दोन इंची लाइन टाकली, आवाज थांबला. टाकी पंपापेक्षा वर ठेवा, सक्शन आखूड ठेवा. प्रवाह कमी करायला व्हॉल्व्ह अर्धा बंद करू नका, त्या फटीत माल रगडला जातो. व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) वेग उतरवा. डिलिव्हरी, म्हणजे माल बाहेर जाणारी बाजू, बंद असताना हे पंप चालवले तर दाब वाढत जाऊन लाइन फुटू शकते, तेव्हा जादा दाब सोडून देणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हशिवाय आम्ही पंप बसवत नाही.

येताना मालाचा लिटरभर नमुना, त्याचं कमाल-किमान तापमान, तासाला किती लिटर हवं ते आणि पाइपचा हाताने काढलेला नकाशा घेऊन या. मालात फळाचे तुकडे किंवा बिया असतील तर तेही सांगा.