पाऊल मोठं पडलं की उत्तर उधळतं

बेळगावच्या उद्यमबागेत ओतलेलं बिडाचं कास्टिंग बाहेरून निवलं तरी आतून धगधगत असतं. आत कुठल्या क्षणी किती तापमान असेल, हे सांगणारं समीकरण फ्रेंच गणिती फूरिएच्या १८२२ सालच्या ग्रंथात आहे. पण खऱ्या कास्टिंगच्या वेड्यावाकड्या आकारासाठी ते कागदावर सुटत नाही. म्हणून धातूचे बारीक तुकडे कल्पायचे, काळाचेही करायचे (काळाचा एक तुकडा म्हणजे एक पाऊल), आणि शेजाऱ्यांच्या तापमानावरून प्रत्येक बिंदूचं पुढचं तापमान काढत जायचं.

सगळी गंमत इथेच आहे. मधल्या बिंदूचं तापमान १००, दोन्ही शेजारी ०. शेजाऱ्यांच्या बेरजेतून मधल्याची दुप्पट वजा करायची, आलेल्याला एका गुणकाने (काळाचं पाऊल जितकं मोठं, तितका हा मोठा) गुणायचं आणि ते मधल्यात मिळवायचं. गुणक पाव घेतला तर मधला ५० वर येतो, पटण्यासारखं आहे. गुणक १ घ्या: १०० चा थेट उणे १०० होतो! शेजारी ० वर असताना मधला त्यांच्याहून थंड कसा होईल? त्याच पावलात, पलीकडचे बिंदू ० असतील तर, दोन्ही शेजारी १०० वर जातात; म्हणून पुढच्या पावलाला मधला ३०० वर उडी मारतो. बेरीज-वजाबाकी अचूक आहे, यंत्रही बिघडलेलं नाही. काळाचं पाऊल मोठं पडलंय, एवढंच.

या सरळ पद्धतीत गुणक अर्ध्याच्या वर नेता येत नाही. हा गुणक म्हणजे धातूचा उष्णता-विसरण गुणांक (उष्णता त्यात किती झपाट्याने पसरते त्याचं माप) गुणिले काळाचं पाऊल, भागिले बिंदूंमधल्या अंतराचा वर्ग. बिडाचा हा गुणांक सेकंदाला साधारण १४ चौरस मिलिमीटर धरला, तर एकाच दिशेच्या गणितात बिंदूंमध्ये १० मिलिमीटर अंतर असलेल्या जाळीला साडेतीन सेकंदांचं पाऊल चालतं. १ मिलिमीटरच्या जाळीला मात्र सेकंदाचा जेमतेम अठ्ठाविसावा भाग. जाळी दहापट बारीक, तर पावलं शंभरपट.

यावरची वाट जॉन क्रँक आणि फिलिस निकोल्सन यांनी १९४७ साली दाखवली: मधल्याची आणि शेजाऱ्यांची आत्ताची आणि पुढची तापमानं निम्मी-निम्मी धरायची. मग प्रत्येक पावलाला सगळी समीकरणं एकत्र सोडवावी लागतात, पण उत्तर फुगत जात नाही. फार मोठ्या पावलाला ते हेलकावे मात्र खातं.

एकत्र सोडवण्याचं हे काम ऑक्टेव्ह हे गणिताचं सॉफ्टवेअर एका ओळीत करतं, आणि ते फुकट मिळतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमाचे संगणकाचे धडे मराठीत आहेत, कानडीतही आहेत. मराठी शाळेतून थेट इंजिनिअरिंगच्या इंग्रजीत पडणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना ही फार मोठी सोय वाटते मला. तरी वरची १००, उणे १००, ३०० ही ओळ त्यांनी आधी वहीत हाताने मांडावी, मगच ऑक्टेव्ह उघडावं. आणि संगणकाचं उत्तर आलं की पाऊल निम्मं करून तेच गणित पुन्हा चालवावं. आकडे ठळकपणे बदलले, तर पहिलं उत्तर अजून वापरण्याजोगं नाही.