मोराची मान, चंद्राचं यान

आमच्या घरात एक सोलापुरी चादर आहे, माझ्या लहानपणापासूनची. थंडीत पांघरायला तीच, उन्हाळ्यात गच्चीवर अंथरायला तीच, एकदा घर बदलताना कपाटाच्या आरशाला गुंडाळायलाही तीच कामी आली. तिच्यावर एका रांगेत चार मोर आहेत आणि चौघांच्याही मानेत अगदी एकाच जागी एक बारीक उभी रेघ गेली आहे. लहानपणी मला वाटायचं, मोराच्या गळ्यात कुणीतरी दोरा बांधलाय. ती विणीतली खोट आहे हे कळायला मला सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका कारखान्यात जावं लागलं.

तिथं उभं आयुष्य मागावर काढलेले एक मास्तर होते. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड आणि गिऱ्हाइकाशी मराठी, असा खास सोलापुरी मामला. मोबाईलवरचा फोटो त्यांनी चष्मा कपाळावर सारून पाहिला.

"उभी हाय न्हवं रेघ? मग आकडा गेलेला. आडवी असती तर पत्ता चुकला म्हणलो असतो. सोप्पं हाय की ओ."

आकडा म्हणजे मागावरचा धागा उचलणारा हूक, आणि पत्ता म्हणजे कुठले धागे उचलायचे ते सांगणारा भोकांचा पुठ्ठा. मोटारीतला बिघाड आणि ड्रायव्हरला दिलेल्या पत्त्यातली चूक यांत जो फरक, तोच हा. संगणकवाले यालाच हार्डवेअरचा दोष आणि सॉफ्टवेअरचा दोष म्हणतात, आणि तो ओळखण्यात त्यांचे दिवसच्या दिवस जातात. मास्तरांनी तो फोटोवरून ओळखला. याला कारण आहे. संगणकाला सूचना द्यायची जी रीत शंभरेक वर्षं चालली, ती मुळात मागाच्या डोक्यावर जन्मली.

कापड म्हणजे उभे धागे आणि आडवे धागे, ताणा आणि बाणा. दोन्ही जिथं एकमेकांना ओलांडतात तिथं दोनच गोष्टी होऊ शकतात: एक तर ताणा वर, नाहीतर ताणा खाली. तिसरं काही नाही. साध्या पंचाला एकाआड एक धागे उचलले की भागतं. मोर काढायचा असेल तर मात्र प्रत्येक ओळीला उचलायचे धागे वेगळे. पूर्वी नक्षीदार रेशमाच्या मागावर हे धागे दोऱ्या ओढून उचलायला एक पोरगा बसवत. तो दमायचा, आणि दमला की चुकायचा.

फ्रान्समधल्या लिआँ शहरातल्या जोसेफ मारी जकार्डनं १८०४ साली या पोराला सुट्टी दिली. कल्पना सगळी त्याची नव्हती. बाझिल बूशाँनं १७२५ मध्ये भोकं पाडलेली कागदी पट्टी वापरून पाहिली होती, पुढं फाल्कोननं पट्टीऐवजी पुठ्ठ्याचे पत्ते आणले. १७४५ च्या सुमारास वोकाँसाँनं आपोआप चालणारा माग केला. हा वोकाँसाँ त्याआधीच गाजला होता तो दाणे टिपून शी करणाऱ्या यांत्रिक बदकामुळं. (शी आधीच पोटात भरून ठेवलेली असायची, हे नंतर उघडकीला आलं.) जकार्डनं या तिघांची अर्धी राहिलेली कामं एकत्र करून धडपणे चालणारं यंत्र बनवलं, म्हणून नाव त्याचं राहिलं. सोलापुरात ते माणसाचं नाव आहे हे कुणाला आठवतही नाही. 'जकार्ड' हे इथं यंत्राचं नाव, पंप किंवा मोटार म्हणावं तसं.

मास्तरांनी माग थांबवून मला वर बघायला लावलं. भोकाभोकांच्या पुठ्ठ्यांची माळ एका चौकोनी दांड्यावरून फिरत होती. दांडा गिरकी घेतो, नवा पत्ता समोर येतो आणि आडव्या सुयांच्या टोकांवर दाबला जातो. जिथं भोक आहे तिथं सुई आरपार जाते, तिच्यात अडकवलेला उभा आकडा हलत नाही, वर जाणारी लोखंडी पट्टी त्याला उचलते आणि त्याच्याबरोबर धागा वर येतो. जिथं भोक नाही तिथं पुठ्ठा सुईला मागं रेटतो, आकडा कलतो, पट्टीला हुकतो, धागा खालीच राहतो. वरच्या आणि खालच्या धाग्यांमधल्या फटीतून आडवा धागा घेऊन धोटा सुटतो. एक पत्ता, एक आडवा धागा. पत्त्यांची माळ गोल फिरून पहिल्या पत्त्यावर आली की पुढच्या मोराला सुरुवात.

आणि रुंदीत चार मोर? एकाच आकड्याला खाली चार दोऱ्या बांधायच्या. एक आकडा उचलला की चार ठिकाणचे चार धागे एकदम उठतात. माझ्या चादरीचा उलगडा तिथंच झाला. कधीतरी एक आकडा अडकला होता, त्याचे चारही धागे हट्टानं एकाच बाजूला राहिले. रेघ खरं तर चादरभर गेली आहे, पण रंग जुळतो तिथं ती लपते, मानेवर उघडी पडते. पत्ता चुकीचा पंच केला असता तर आडवी रेघ आली असती, आणि माळेच्या प्रत्येक फेऱ्यात पुन्हा त्याच जागी.

घरी आल्यावर चादर उलटी करून पाहा. या बाजूला जो धागा वर, तो त्या बाजूला खाली. म्हणून जमिनीचा रंग मोराला आणि मोराचा रंग जमिनीला येतो, फोटोच्या निगेटिव्हसारखा. काठाजवळ विणलेली अक्षरं असतील तर ती आरशात पाहिल्यासारखी उलटी दिसतात. हो आणि नाही यांची अदलाबदल इतक्या स्वस्तात दाखवणारं दुसरं उपकरण माझ्या पाहण्यात नाही.

१८३९ मध्ये लिआँत खुद्द जकार्डचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० पत्ते लागले. ते इतकं नाजूक होतं की पाहणाऱ्याला छापील वाटे. त्यातली एक प्रत लंडनमध्ये चार्ल्स बॅबेजकडे होती. बॅबेज तेव्हा कुठलंही गणित करू शकेल अशा यंत्राचा आराखडा काढत होता, आणि त्याला सूचना द्यायला त्यानं जकार्डचेच पत्ते घेतले. यंत्राच्या दोन मुख्य भागांना त्यानं दिलेली नावं मला फार आवडतात. आकडे साठवायची जागा ती 'स्टोअर' आणि त्यांच्यावर क्रिया होते ती 'मिल'. कोठार आणि गिरणी! मराठीत दळणाचीही गिरणीच आणि कापडाचीही गिरणीच. एके काळी भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या, 'जुनी गिरणी' आणि 'लक्ष्मी-विष्णू' या कापडगिरण्यांच्या सोलापूरला ही नावं समजावून सांगायला नकोत.

बॅबेजचं यंत्र पुरं झालं नाही. पण त्यावर एडा लव्हलेसनं १८४३ मध्ये लिहिलेल्या टिपा राहिल्या. जकार्डचा माग फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताच्या नक्षी विणतं, असं तिनं त्यात म्हटलं आहे. ही एडा कवी बायरनची मुलगी. इंग्लंडमधले विणकर पोटावर पाय आला म्हणून नवी यंत्रं फोडत होते आणि सरकार त्यांना फाशी देणारा कायदा आणत होतं, तेव्हा २७ फेब्रुवारी १८१२ रोजी उमरावांच्या सभागृहातलं आपलं पहिलं भाषण बायरननं त्या विणकरांच्या बाजूनं केलं. बाप यंत्र फोडणाऱ्यांचा वकील, लेक यंत्राची भाटीण. घरात दोघांची गाठ पडली असती तर काय रंगलं असतं! पण एडा महिन्याभराची असतानाच तिची आई तिला घेऊन निघून गेली होती.

पुढची पायरी अमेरिकेत. १८८० च्या जनगणनेची मोजदाद सात-आठ वर्षं रेंगाळली. १८९० ला हर्मन हॉलरिथनं माणशी एक पत्ता केला आणि वय, लिंग, जन्मस्थान अशा माहितीला ठरलेल्या जागी भोक पाडलं. त्याला हे सुचलं ते आगगाडीतल्या तिकीट तपासनिसावरून. तो तिकिटावर प्रवाशाच्या केसांचा रंग, नाकाची ठेवण अशा खुणांची भोकं पाडायचा, म्हणजे तेच तिकीट दुसऱ्यानं वापरू नये. हॉलरिथची कंपनी इतर काही कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४ पासून आयबीएम म्हणवू लागली. १९२८ मध्ये त्यांनी पत्त्यावर ८० रकाने बसवले. पत्ते गेले, रकाने राहिले. जुन्या पडद्यांवर एका ओळीत ८० अक्षरं मावत ती त्यामुळंच. माझा भाचा पुण्यात संगणकाचं काम करतो. पायथन या संगणकाच्या भाषेच्या लेखनसंकेतात ओळ ७९ अक्षरांत संपवा असं अजून सांगितलेलं आहे, आणि त्याला ते जाचतं. पुठ्ठ्याची रुंदी त्याच्या मानगुटीवर बसली आहे हे मी सांगितल्यावर तो जरा गप्प झाला.

पत्त्यातून निघणाऱ्या कागदी टिकलीला इंग्रजीत 'चॅड' म्हणतात. २००० सालच्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत फ्लोरिडात भोक पाडून मत द्यायच्या मतपत्रिकांवरच्या अर्धवट लोंबणाऱ्या टिकल्या भिंगातून तपासायची वेळ आली. शेवटी त्या राज्यातला फरक ५३७ मतांचा जाहीर झाला. चॅड आणि चादर यांचा काही संबंध नाही, पण सोलापूरकराला तो जोडल्याशिवाय राहवत नाही.

मला सगळ्यात थक्क करते ती मात्र चंद्राची गोष्ट. अपोलो यानांतल्या मार्गदर्शक संगणकाचा कायमचा कार्यक्रम शब्दशः विणलेला होता. बारीक चुंबकीय कड्या आणि त्यांच्यातून जाणाऱ्या तारा. तार कडीतून गेली तर एक, कडीला वळसा घालून गेली तर शून्य. हे काम मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावी रेथिऑन कंपनीच्या कारखान्यात बायका हातानं करत. तार ओवलेली सुई कुठल्या कडीतून घालायची ती जागा एक यंत्र समोर आणून देई, आणि ते यंत्र चाले भोकं पाडलेल्या पट्टीवर! बूशाँची पट्टी अडीचशे वर्षांनीही कामावर होती. वॉल्थमही योगायोगानं कापडाचंच गाव. कापूस आत आणि कापड बाहेर, असं सगळं एका छपराखाली करणारी अमेरिकेतली पहिली गिरणी १८१४ च्या सुमारास तिथंच सुरू झाली.

अशा ३६,८६४ शब्दांच्या विणीवर, म्हणजे सुमारे ७२ किलोबाईटवर, माणूस चंद्रावर उतरला. सकाळी येणारा 'शुभ प्रभात'चा फोटोही बहुधा याहून जड असतो. एकदा विणलं की बदल नाही. चूक सापडली तर उसवा आणि पुन्हा विणा. इंजिनिअर मंडळी या प्रकाराला थट्टेनं 'म्हाताऱ्या बायकांची मेमरी' म्हणत. थट्टा करणाऱ्यांनी एक दिवस ती सुई धरून पाहायला हवी होती. बोटांचं काम काय असतं ते आमच्याकडे कुणालाही विचारा, इथं पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी विड्या वळून घरं चालवली आहेत.

आता जरा शब्दांकडे. आपण ज्याला तंत्रज्ञान म्हणतो त्यातला 'तंत्र' म्हणजे संस्कृतात माग, किंवा मागावरचा ताणा. धातू 'तन्', ताणणे. ताणा, तंतू, तणाव, गवयाची तान, सगळी एकाच घरची. म्हणजे पुण्याच्या माहिती तंत्रज्ञान कंपन्यांच्या पाट्यांवर एकेक माग लपलेला आहे. इंग्रजीतला 'टेक्स्ट' आणि 'टेक्स्टाइल' हेही विणणे या एकाच लॅटिन धातूपासून आले. गणितातला 'गुण' म्हणजे मुळात दोरीचा पदर. दोन पदर ते द्विगुण, तीन पदर ते त्रिगुण, त्यातून गुणाकार. 'सूत्र' तर सरळ सूतच. नाटकातला सूत्रधार आणि दारं-खिडक्या करणारा सुतार हे एकाच शब्दाचे दोन वंशज, कारण लाकडावर रेघ मारायला सूत धरतो तो सुतार. आणि पट म्हणजे वस्त्र, म्हणून ज्याच्यावर चित्र काढलंय ते कापड चित्रपट. सिनेमा नंतर आला आणि तयार नावावर जाऊन बसला.

'ओतप्रोत' हा शब्द मला वर्षानुवर्षं ओतण्यातला वाटत होता. भरून वाहतंय, म्हणून ओतप्रोत. तसं नाही. 'ओत' आणि 'प्रोत' ही दोन्ही विणण्याची रूपं. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी याज्ञवल्क्याला विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर मग पाणी कशात ओतप्रोत आहे? म्हणजे हे कापड कुठल्या मागावरचं, असा तिचा सवाल. शंकराचार्य भाष्यात अर्थ देतात: ओत म्हणजे लांब धाग्यासारखं, प्रोत म्हणजे आडव्या धाग्यासारखं. आणि लगेच पुढं जोडतात, 'विपरीतं वा', किंवा याच्या उलट.

सोलापुरात मराठी 'माग' म्हणते, कन्नड 'मग्ग' म्हणते, तेलुगू 'मग्गं' म्हणते. त्यामुळं निदान यंत्राबद्दल इथं दुभाष्या लागत नाही. तरी गार्गीचा प्रश्न आणि आचार्यांचं 'किंवा उलट' मी मास्तरांना जमेल तसं मराठीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. तोवर शेजारच्या मागावर धागा तुटला होता, तो सांधायला ते उठले.

"आधी ताणा," जाता जाता म्हणाले. "ताणा भरल्याबिगर धोटा फिरणार कुठनं? ह्यात उलटं काय नसतंय ओ."