'निदान' झालं, पण कशानं झालं?

मिरजेच्या एका दवाखान्यात काकींच्या फुफ्फुसाच्या तपासण्या पूर्ण झाल्या आणि कागदावर शब्द आला, 'इडिओपॅथिक'. काकांनी तो दोनदा वाचला. "चला, निदान झालं एकदाचं," म्हणाले. काकी मात्र विचारत राहिल्या, "पण झालं कशानं?"

'इडिओपॅथिक' म्हणजे कारण सापडलेलं नाही असा आजार. ग्रीकमध्ये 'इडिओस' म्हणजे स्वतःचं आणि 'पॅथोस' म्हणजे दुखणं. आपलं आपण उपजलेलं दुखणं. रोगाची कारणं शोधणाऱ्या शाखेला डॉक्टर 'एटिऑलॉजी' म्हणतात. तिथलं उत्तर कोरं राहिलं की हा शब्द लिहिला जातो.

गंमत अशी, की काकींच्या प्रश्नाचंच जुनं नाव 'निदान' आहे. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथातला 'निदानस्थान' हा भाग आठ अध्यायांचा. पहिला ज्वराचा, आणि त्याच्या सुरुवातीलाच हेतू, निमित्त, आयतन, कर्ता, कारण, प्रत्यय, समुत्थान आणि निदान हे सगळे एकाच अर्थाचे शब्द म्हणून सांगितले आहेत. रोग ओळखायचा तो पाच गोष्टींवरून: निदान (कारण), पूर्वरूप (आधीची चाहूल), रूप (लक्षणं), उपशय (कशानं बरं वाटतं) आणि संप्राप्ती (रोग अंगात कसा घडत गेला). म्हणजे कारण ही त्या पाचांतली एक पायरी. पण पाचांच्या गटालाच 'निदानपंचक' म्हणू लागले आणि एका पायरीचं नाव सगळ्या जिन्याला मिळालं. माधवकर या वैद्याच्या 'रोगविनिश्चय' या ग्रंथालाही लोक 'माधवनिदान' म्हणूनच ओळखतात. पुढे पाश्चात्त्य वैद्यक आलं, 'डायग्नोसिस'ला मराठी शब्द हवा होता, तो हाच मिळाला. कारणाला मग 'रोगहेतू', 'कारणमीमांसा' असे पुस्तकी शब्द उरले. साताऱ्याच्या महाविद्यालयाच्या नावातच 'आर्यांग्ल वैद्यक' आहे, म्हणजे आपलं आणि इंग्रजी दोन्ही; तिथे आयुर्वेद शिकणाऱ्याला या शब्दाचे दोन्ही अर्थ सांभाळावे लागतात.

घरातल्या मराठीला मात्र अशी अडचण कधी आली नाही. तिच्याकडे 'बाधणं' हे क्रियापद आहे. ताक बाधलं, गार वारं बाधलं, परगावचं पाणी बाधलं. दोन-तीन शब्दांत कारण सांगून मोकळं. ते दर वेळी बरोबर असेलच असं नाही, पण शोधायची सवय त्यात आहे.

ही सवय किती मोलाची, ते प्लेगात दिसलं. घरात उंदीर पडला की लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहत. सुश्रुताने चिकित्सेचं सार 'निदानपरिवर्जन' असं सांगितलं आहे, म्हणजे कारण टाळणं. गावकरी तेच करत होते. प्लेगचा जंतू 1894 साली हाँगकाँगमध्ये येरसँ या शास्त्रज्ञांना सापडला, पण तो उंदरावरच्या पिसवेतून माणसाला येतो हे सिमाँ या शास्त्रज्ञांनी कराचीत दाखवलं ते 1898 साली. मधल्या काळात, 10 मार्च 1897 रोजी, सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या लेक सावित्रीबाई फुले पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. रोगाचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं, जंतूही सापडला होता. तो अंगात येतो कुठून, एवढंच कळायचं राहिलं होतं. नाव कळणं आणि कारण कळणं या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, हे मला त्या तारखेइतकं दुसऱ्या कशानेच पटलेलं नाही.

काकींना दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शेजारी बसून समजावलं. आधीच्या आठवड्यात त्यांनी बरंच विचारलं होतं: घरात कबुतरं आहेत का, चूल किती वर्षं फुंकली, बुरशी लागलेला कडबा हाताळता का, हळदीच्या गिरणीत काम केलंय का, सांधे सुजतात का. रक्तही तपासलं होतं. त्यातलं काहीच जुळलं नाही, म्हणून तो शब्द लिहिला.

"मग शोधलं होतं म्हणायचं," काकी म्हणाल्या, आणि काकांकडून तो कागद मागून घेतला.