चुकीच्या तुरुंगवासाची भरपाई (गोवा)

न केलेल्या गुन्ह्यासाठी किंवा कायद्याचा आधार नसताना तुरुंगात राहिलेल्या माणसाला शासनाने द्यायची रक्कम. एखादा आरोपी निर्दोष सुटला की ‘मग इतकी वर्षे कोलवाळच्या तुरुंगात काढली त्याचे काय?’ असे गोव्यात कोणीतरी विचारतेच. भरपाई मिळू शकते. पण ती हक्काने मागता येईल असा स्वतंत्र कायदा भारतात नाही.

गंमत अशी, की गोव्याच्या जुन्या कायद्यात हा हक्क लिहिलेला होता. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून गोव्यात लागू झाली. शिक्षा भोगल्यानंतर ती अन्यायाची होती असे सिद्ध झाले, तर त्या माणसाला किंवा त्याच्या वारसांना सरकारी खजिन्यातून नुकसानभरपाई मिळेल, असे तिचे 2403 वे कलम सांगते. त्यासाठी सरकारी वकिलाविरुद्ध रीतसर दावा लढवून जिंकावा लागे. आज या संहितेचे नाव निघते ते लग्न आणि पतिपत्नींच्या मालमत्तेपुरते. ज्या राजवटीच्या पुस्तकात हे कलम होते, तीच सत्याग्रही आणि क्रांतिकारकांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून आग्वादच्या किल्ल्यात, काहींना तर थेट पोर्तुगालला धाडत होती. मराठी शिक्षक म्हणून गोव्यात आलेले मोहन रानडे 1955 मध्ये पकडले गेले आणि लिस्बनजवळच्या तुरुंगातून 1969 मध्ये सुटले, म्हणजे गोवा मुक्त होऊन सात वर्षे उलटल्यावर. स्वातंत्र्यसैनिकांना मिळते ते सन्मानवेतन. त्याला भरपाई म्हणता येत नाही.

मुक्तीनंतर भारतीय फौजदारी कायदा आला. आज लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती ठरवणाऱ्या कायद्याच्या, 399 व्या कलमाप्रमाणे, पुरेसे कारण नसताना कोणी पोलिसांकरवी दुसऱ्याला अटक करवली, तर दंडाधिकारी अटक करवणाऱ्याकडून जास्तीत जास्त 1000 रुपये देववू शकतात. पणजीत चौघेजण मासळीचे जेवण जेवले तर एवढ्यात भागत नाही. दिवाणी दाव्याची वाट खुली आहे, पण मुदत एकच वर्ष, शिवाय सरकारला आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तुरुंगातून सुटलेल्या टॅक्सीवाल्याचा विचार करा. हप्ते थकल्याने गाडी बँकेने ओढून नेलेली, वकिलाची फी अजून बाकी, अंगझडतीत काढून घेतलेला मोबाईल हातात आलेला, पण सिम केव्हाच बंद. वर्षभरात तो नवा दावा लावील, ही अपेक्षा कागदावरच शोभते.

म्हणून खरा आधार राहतो तो रिट याचिकेचा, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याची थेट वरिष्ठ न्यायालयात केलेल्या तक्रारीचा. गोव्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचे पर्वरी येथील खंडपीठ किंवा थेट सर्वोच्च न्यायालय. पाया 1983 च्या रुदुल शाह खटल्याने घातला. बिहारमधला हा कैदी 1968 मध्ये निर्दोष ठरला, पण बाहेर आला 1982 मध्ये. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पीठाने त्याला, आधी मिळालेले 5,000 धरून, 35,000 रुपये देवविले आणि पुढचा दिवाणी दावा मोकळा ठेवला. चौदा वर्षांवर वाटले तर दिवसाला सुमारे सात रुपये पडतात. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या भटक्या जमातीच्या सहा जणांची फाशी रद्द करून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. सोळा वर्षांच्या कैदेबद्दल प्रत्येकी 5 लाख. त्याच्या आदल्या वर्षी शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना सुमारे 50 दिवसांच्या कोठडीबद्दल आणि धुळीला मिळालेल्या नावाबद्दल 50 लाख मिळाले. नारायणन यांना उगाच जास्त मिळाले असे नव्हे. मोजपट्टीच नाही, एवढेच यातून दिसते.

गोव्यात अमली पदार्थांच्या खटल्यांत हा पेच विशेष जाणवतो. माल व्यापारी प्रमाणात असल्याचा आरोप असला की जामीन दुर्मीळ, आणि पुढे पंच (झडतीचे साक्षीदार) उलटले किंवा नमुन्यांच्या सीलमध्ये घोळ निघाला की सुटका ‘संशयाचा फायदा’ देऊन. या शब्दांनी माणूस सुटतो, पण भरपाईची मागणी लंगडी पडते. अटक मुळातच द्वेषाने किंवा बेकायदा झाली, हे त्याला वेगळे सिद्ध करावे लागते.

नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार भारताने 1979 मध्ये स्वीकारला, तो बेकायदा अटकेच्या भरपाईचे कलम बाजूला ठेवून. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मधील 277 व्या अहवालात अशा भरपाईसाठी स्वतंत्र तरतूद आणि खास न्यायालये सुचवली. 1 जुलै 2024 ला नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली तेव्हा त्यातले काही आत आले नाही, आणि 1000 चा आकडाही होता तिथेच राहिला.