कसाबची बिर्याणी: जी कधी शिजलीच नाही

अजूनही व्हॉट्सॅपवर फिरतंय की २६/११ च्या कसाबला सरकारने जेलमध्ये बिर्याणी खाऊ घालून पोसला. अहो, तसं काही झालंच नव्हतं! खुद्द सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनीच २०१५ मध्ये जयपूरला सांगितलं की ती गोष्ट त्यांनी रचलेली, कारण खटला चालू असताना कसाबबद्दल सहानुभूतीची लाट यायला लागली होती म्हणे, मग ह्यांनी मीडियाला ठोकून दिलं की तो बिर्याणी मागतोय. त्याने मागितलीही नव्हती, मिळालीही नव्हती, असं निकम तेव्हा म्हणाले. सरकारी वकिलाने असं करावं का? मला तरी नाही पटत. बाकी खटला रीतसर चालला, २०१० ला फाशीची शिक्षा, मग हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, दयेचा अर्ज, आणि २१ नोव्हेंबर २०१२ ला येरवड्यात फाशी.