अँजिओग्राफी साफ, तरी छातीत दाटतंच

बांबोळीच्या इस्पितळातून अँजिओग्राफी करून आलेला माणूस घरी सांगतो, ‘ब्लॉकेज नाही, सगळं नॉर्मल.’ मग हळूहळू प्रेशरची गोळीही सुटते, आणि पणजीतल्या आल्तिनोचा चढ चढताना छातीत परत दाटतं. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रक्तदाब हृदयाच्या बारीक वाहिन्यांचं काय करतो, हे डॉक्टरांनाही फार उशिरा उमगलं.

दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजायची सोय इटलीच्या रिवा-रोचीने 1896 मध्ये केली. 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्हने त्याला स्टेथोस्कोपची जोड दिली. आकडा हाती आला, पण त्याचं करायचं काय? वाहिन्या आवळल्या असतील तर रक्त पुढे ढकलायला जोर हवाच, तेव्हा प्रेशरला हात लावू नये, असं बरेच नामवंत डॉक्टर मानत. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं प्रेशर 1944 च्या मार्चमध्ये 186/108 होतं. पुढच्या वर्षी 12 एप्रिलला मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले, तेव्हा प्रेशर 300 च्या पुढे गेलं होतं. खुद्द राष्ट्राध्यक्षांना द्यायलाही धड औषध नव्हतं. आपल्याकडे मुंबईच्या केईएम इस्पितळाचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये प्रेशर उतरवणाऱ्या सर्पगंधेचे अनुभव ब्रिटिश नियतकालिकात छापले, तेव्हा कुठे जगाचं या मुळीकडे लक्ष गेलं. ही सर्पगंधा आपल्या सह्याद्रीच्या रानातही उगवते.

हृदयाच्या वाहिन्या थेट दिसू लागल्या त्या 1958 नंतर. अमेरिकेत क्लीव्हलँडला डॉ. मेसन सोन्स यांच्या हातून रंगद्रव्य चुकून थेट उजव्या कोरोनरीत, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या वाहिनीत गेलं, रुग्ण वाचला आणि अँजिओग्राफी जन्माला आली. तिचा उपकार मोठा, पण तिने सगळ्यांची नजर मोठ्या वाहिन्यांवर खिळवली. साधारण अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या त्या चित्रात येतच नाहीत. प्रेशरचा पहिला मार बसतो तो मात्र तिथेच.

हृदयाचा स्नायू आरामातही रक्तातला सत्तर टक्क्यांच्या आसपास प्राणवायू काढून घेतो. म्हणजे चढावर जास्त हवा असेल तर रक्तच जास्त यायला हवं. निरोगी माणसात बारीक वाहिन्या सैल होऊन प्रवाह चौपट-पाचपट करतात. प्रेशर वर्षानुवर्षं चढलेलं राहिलं की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. हृदयाचा डावा कप्पाही जाडावतो, पण त्या मानाने केशवाहिन्या वाढत नाहीत. शिवाय डाव्या कप्प्याला रक्त मुख्यतः हृदय सैलावतं त्या क्षणांत मिळतं, आणि कडक झालेली भिंत नीट सैलावत नाही. बसल्या जागी सगळं ठीक वाटतं, ओढाताण होते ती चढावर.

दुसरा धागा सापडला तो सशाच्या महाधमनीत. 1980 मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवलं, की वाहिनीचं आतलं नाजूक अस्तर खरवडलं गेलं असेल तर तिला सैल करणारं रसायन उलट तिला आवळतं. हे अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडतं हे पुढे कळलं, आणि 1998 चं नोबेल त्याच कामाला मिळालं. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वायूच्या जोरावर काम करते. प्रेशरवाल्यांत हे अस्तर सुस्तावलेलं असतं. 1988 च्या एका अमेरिकी अभ्यासात तर मोठ्या वाहिन्या साफ आणि हृदयाची भिंतही जाड नाही, अशा प्रेशरच्या रुग्णांतही छातीतल्या दुखण्याचा माग बारीक वाहिन्यांपाशी पोचला.

आता आपल्या पेजेच्या वाटीकडे वळू. पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), मिठातली कैरी ही पावसात होड्या किनाऱ्याला लागल्यावरची बेगमी होती. आता फ्रीजर घरोघरी आहे, पण जिभेला खार हवाच. मला स्वतःला पेजेबरोबर दुसरं काही रुचत नाही, म्हणून सांगताना जरा जड जातं: जास्त मीठ प्रेशर न चढवताही या अस्तराचं काम मंदावतं, असं काही प्रयोगांत दिसलं आहे.

बिघडलेलं परत फिरतं का? कॅनडात प्रेशरच्या रुग्णांच्या बारीक वाहिन्यांचे नमुने, हृदयातले नव्हे तर नितंबाच्या कातडीखालचे, उपचाराआधी आणि वर्षभरानंतर तपासले. लोसार्टन हे प्रेशरचं औषध घेणाऱ्यांच्या वाहिन्या बऱ्याच सुधारल्या होत्या. अॅटेनोलॉल हे प्रेशरचंच दुसरं औषध घेणाऱ्यांचं प्रेशर तेवढंच उतरलं, वाहिन्या मात्र होत्या तशाच जाड राहिल्या.